दार ढकललं कोणी?

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिही. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? आधी तारीख, मग माझं म्हणणं. आणि मी बोलेन तेवढंच लिहायचं, सूनबाई. मला अक्षर येत नाही म्हणून काय झालं, पेनाचा आवाज कळतो. मी थांबले आणि पेन चालूच राहिलं, की समजेन सासूबद्दल काहीतरी घातलंस.

हेही लिहिलंस? बरं केलंस.

तर आजपासून माझी दैनंदिनी. हट्ट नातीचा. ती कॉलेजात सिनेमाचाच अभ्यास करते. आम्ही तिकीट काढून बघायचो ते ती फी भरून बघते, एवढाच फरक. म्हणाली, "आजी, आपल्या गल्लीत शूटिंग होणार. रोजचं रोज लिहून ठेव." म्हटलं ठेवते की, बोलायला मी आहे, हात मोडून घ्यायला तुझी आई आहे.

आमच्या गल्लीत बारा गाळे, बाराही कुलपांचे. आमचा सातवा. माझा लेक त्यात बसतो, त्याच्याआधी हे बसायचे. आणि सिनेमा कसला, तर खुनाचा! सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. अख्खी हयात मी खुनाचे सिनेमे बघितले. हे असताना दर शुक्रवारी आम्ही दोघं जायचो. ह्यांना शेवटच्या रिळापर्यंत खुनी कळायचा नाही. मला मध्यंतराच्या आधी कळायचा. चहाचा ट्रे घेऊन जो मागून जातो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो. नाहीतर माळी. नाहीतर लंगडणारा. एकदाच चुकले, तेव्हा ड्रायव्हर निघाला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सिनेमाचा दिग्दर्शक आला. डोक्यावर उलटी टोपी, घरात आला तरी काढली नाही, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. माझ्याकडे बघून जागच्या जागी थबकला. म्हणाला, "आजी, तुमच्या चेहऱ्यात खूप काही आहे."

म्हटलं, "आहे बाबा, ऐंशी वर्षं भरतेय."

मला सिनेमात घेतलंय! एक वाक्यही आहे, काय ते तो शेवटी सांगणार. लेकाला हातांचं काम. म्हणजे कुलूप उघडताना पडद्यावर जवळून जे हात दिसतात, ते माझ्या लेकाचे. चेहरा मात्र दुसऱ्याचा. तो चेहराही सोबत आला होता, तीस-बत्तिशीचा, लाजरा, कपबशी दोन्ही हातांनी धरणारा. तो तीन आठवडे आमच्या गाळ्यात बसून काम शिकणार. सिनेमात तो कुलूपवाला आहे.

म्हणजे आमच्या धंद्यातला माणूस नायक! सून म्हणाली, "आई, नायक आहे असं कोणी म्हटलं?" अगं, नायक नसता तर शिकायला तीन आठवडे आला असता का? तू लिही.

मी टोपीवाल्याला विचारलं, खुनी कोण? तो म्हणाला ते गुपित आहे. म्हटलं ठीक आहे, मध्यंतराच्या आत सांगते तुला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गल्ली ओळखू येईना! सकाळी दहा माणसं आली आणि भिंतींना काजळी फासू लागली. गेल्याच वर्षी सगळ्यांनी मिळून पिवळा रंग दिला होता. तिसऱ्या गाळ्याची धडधाकट फळी होती, ती काढून मोडकी लावली. ऊन लख्ख पडलेलं, तर वर काळं कापड ताणलं. मग टँकर बोलावून रस्ता भिजवला. मी विचारलं, "ही धूळ बसवायला?" तर म्हणे, ओला रस्ता असला की भीती वाटते. वाटते खरी, दोघं घसरून पडले.

मला एक फाटकी शाल दिली आणि पुढच्या दोन दातांना काळं लावलं. माझे दात अजून पांढरेशुभ्र, कॅमेऱ्यात चकाकत असणार, दुसरं काय. नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुला सांगितलंय का तू कोण आहेस ते?"

म्हटलं, "सगळं बघितलेली म्हातारी."

"हो... तसंच काहीसं."

संध्याकाळी ती समजावत होती. या सिनेमांचा हिशोब ठरलेला असतो म्हणे. चांगली माणसं उजेडात राहतात. त्यांच्या घरांना मोठ्या काचा, पांढऱ्या भिंती. वाईट माणसं अरुंद जिन्यात, गळक्या नळाशेजारी. कॅमेरा आत शिरला की प्रेक्षकाला कोणी काही सांगावंच लागत नाही.

म्हटलं, "म्हणजे वीज गेली की आपण सगळे वाईट?"

ती हसली नाही. मला वाटलं, अभ्यास जास्त झालाय.

बाकी आमचा शिकाऊ नट छान शिकतोय. कानस धरताना अंगठा वर ठेवायला लेकाने पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागलं नाही. कोरी किल्ली पकडीत धरून तिचे दाते कापतो, फुंकर मारतो, पितळेचा कीस पुसून ठेवतो. माझा लेक दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, तो याच्याशी सहा बोलतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज बोलायची इच्छा नाही. पण सून पेन उघडून बसलीये.

शिकाऊ गाळ्यात कागद विसरला. नातीने वाचून दाखवले. टेकडीवरचा बंगला. आत एक म्हातारा मालक आणि त्याचा धाकटा भाऊ. कुलूपवाला त्यांच्या किल्ल्या करून देतो, एक जास्तीची स्वतःकडे ठेवतो, घरात शिरतो आणि म्हाताऱ्याला मारतो. त्याची गल्ली असल्याच लोकांची. समोरच्या खिडकीत एक वेडी म्हातारी असते, ती बघते आणि दात विचकून हसते.

तर खुनी माझ्याच घरी तीन वेळा चहा पिऊन गेला, बशीतला शेवटचा थेंबसुद्धा. आणि मध्यंतराच्या आधी ओळखणारी मी!

राग कोणाचा करू? खूप वर्षांपूर्वी आम्ही एक सिनेमा बघितला होता, त्यात दूधवाला विष घालतो. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मी आमच्या दूधवाल्याचं दूध त्याच्यासमोर हुंगून घ्यायचे. एक दिवस त्याने विचारलं, "वहिनी, नासतंय का?" मी भांडं उचलून आत गेले. नंतर तो भांडं पायरीवर ठेवून बेल वाजवायचा आणि निघून जायचा. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

हे खोडू नकोस. राहू दे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

टेकडीवरच्या कॉलनीची पन्नास घरं अठरा वर्षं माझ्या लेकाला बोलावतात. कुलूप अडकलं, किल्ली हरवली, लेकरू आत कोंडलं, की याला फोन. आज तिथल्या सेक्रेटरीणबाईंचा फोन आला. शूटिंग त्यांच्याच कॉलनीतल्या बंगल्यात होणार, त्यामुळे गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक झाली. बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमच्यावर कोणाचा संशय नाही हो, पण मीटिंगमध्ये विषय निघाला की अशा माणसांकडे आपल्या किल्ल्यांचे साचे असतातच ना. तर आता गणवेशातला कंपनीचा माणूस बोलवायचं बघतोय.

सिनेमा अजून निघायचाय, आणि माझा लेक पकडला गेला!

सून म्हणाली, "नका देऊ हात त्यांना. नाही म्हणून सांगा." लेक म्हणाला, "शब्द दिलाय." आणि कुलपाला तेल घालत बसला. तीन थेंब लागतात, त्याने अर्धी बाटली ओतली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज जे झालं ते मी मेल्यावरही विसरणार नाही! सूनबाई, भराभर लिही, अक्षर वाकडं आलं तरी चालेल, मला कुठे वाचायचंय.

बंगल्याच्या मागच्या दाराशी आम्ही सगळे. काचा एवढ्या मोठ्या की मला माझी फाटकी शाल चहूबाजूंनी दिसत होती. लेकाला शिकाऊचा सदरा घातला. दाराला कॅमेरा चिकटवला. टोपीवाला म्हणाला, "कुलूप उघडायचं आणि त्याच हाताने दार हळूच आत ढकलायचं. बस्स."

लेकाने तार घातली, डोळे मिटले, कान दाराकडे. खट्! असा आवाज आला की कोणीतरी टाळी वाजवली. आणि लेकाने हात काढून पाठीमागे बांधले, दोन पावलं मागे सरला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"दार ढकला ना!"

"हो साहेब, चुकलं."

पुन्हा. खट्! हात पाठीमागे, दोन पावलं मागे, तोंड रस्त्याकडे.

नऊ वेळा! लेकाच्या कपाळावर घामाचे ओघळ. तो ढोंग करत नव्हता, मी आई आहे त्याची. आमच्याकडे पोराच्या हातात तार देतात त्याच दिवशी हे शिकवतात. कुलूप उघडणं आपलं, दार उघडणं मालकाचं. आत काय आहे ते आपल्या डोळ्याला दिसता कामा नये. ह्यांनी याला शिकवताना बोटांवर वेताची काठी मारलेली आहे. जो हात चाळीस वर्षं तिथे थांबला, तो कोणी "ॲक्शन" म्हटल्यावर पुढे जाईल होय?

टोपीवाल्याने पहिल्यांदा टोपी काढली आणि आपटली. "कोणाचाही हात चालेल! तू कर!" म्हणून शिकाऊला पुढे ढकललं. शिकाऊने तार घातली. जरा वेळ लागला, पण उघडलं बरं का पोराने! खट्! आणि उघडल्याच्या आनंदात त्याने हात पाठीमागे बांधले, दोन पावलं मागे सरला आणि रस्त्याकडे तोंड केलं.

मग दिवा धरणारा फिसकन हसला, आणि मग जो हशा उसळला! शिकाऊ कावराबावरा. "सॉरी सर, मला कळलंच नाही मी काय केलं." माझा लेक मात्र हसला नाही. त्याने शिकाऊच्या खांद्यावर हात ठेवला. तसा हात ह्यांनी माझ्या लेकाच्या खांद्यावर कधी ठेवला नव्हता.

टोपीवाला पायरीवर बसला. म्हणाला, आजचं बंद.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

माझं डोकं पळतंय. मला हा सिनेमा दिला असता ना, तर मी काय केलं असतं सांगते. घे लिहून, अगदी नीट.

कुलूप उघडलं आमच्या माणसाने. कबूल. पण दार ढकललं कोणी? त्याने तर ढकललंच नसणार, आमच्यात कोणी ढकलत नाही. त्याला बोलावलं कोणी? धाकट्या भावाने! "किल्ली हरवली हो, जरा या." हा आला, उघडलं, मागे सरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. भावाने दार ढकललं, आत गेला, आतलं काम केलं. पोलीस कोणाला धरणार? ज्याच्या हातात तार आहे त्याला. गल्ली काळी, रस्ता ओला, म्हातारी वेडी, सगळे म्हणणार हाच तो. प्रेक्षकसुद्धा. मीसुद्धा! आणि शेवटी कोणीतरी एकच प्रश्न विचारतो, दार ढकललं कोणी? आणि सगळं थिएटर गार.

कसा आहे? सूनबाई, तू लिहायची थांबलीस का? डोळ्यात काय गेलं?

बुधवार, २६ फेब्रुवारी

दिवसभर वही सापडेना. सगळं घर उलथं केलं. सून सकाळी नातीबरोबर बाहेर गेली होती, ती संध्याकाळी आली आणि म्हणाली पिठाच्या डब्यामागे पडली होती. मी डब्यामागे दोनदा बघितलं होतं. डोळे गेले म्हणायचे. आजचं एवढंच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

टोपीवाला घरी आला, आणि टोपी हातात! खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "आजी, मला एक कल्पना सुचलीये." आणि काय सांगावं, अक्षरशः माझीच कल्पना! तार, रस्त्याकडे तोंड, "सगळं थिएटर गार" हे शब्दसुद्धा. मी थक्क. पण मी बोलले नाही की हे माझ्या डोक्यात आधी आलं होतं. मोठी माणसं बरेचदा सारखाच विचार करतात. सूनबाई, हसतेस काय? खोकला असेल तर पाणी पी.

म्हणजे माझा लेक सुटला! मी उठून त्याच्या गालावरून हात फिरवला.

मग तो जरा चाचरत म्हणाला, "फक्त एक बदल. भाऊ खुनी नाही दाखवता येणार. बंगल्याच्या मालकांनी घर देताना अट घातलीये, बंगल्यातलं माणूस वाईट दिसता कामा नये. तेव्हा दार ढकलणारी घरातली कामवाली. ती कुलूपवाल्याला फसवून बोलावते."

मी म्हटलं, "बरं." खरंच म्हटलं. माझा लेक सुटला होता, मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

लेक म्हणाला, "आई, तुला पटलं?"

"तुझं नाव गेलं ना त्यातून? झालं तर."

तो उठून गाळ्यात गेला. त्याच्या चार वाक्यांपैकी आज एकच झालं होतं.

सोमवार, ३ मार्च

माझा दिवस! सकाळपासून मी वाक्य घोकत होते. पोलीस अधिकारी झालेला नट मला विचारणार, "दार ढकललं कोणी?" आणि मी म्हणणार, "त्यांच्या कामवालीने." वेडी म्हातारी एकदम शहाणी होते, असा सीन. नातीने मला काल शंभरदा म्हणून घेतलं आणि दर वेळी तिचा चेहरा आंबट.

बंगल्याच्या मागच्या अंगणात खुर्ची दिली. दिवे लावायला वेळ होता. बाजूला एक बाई बादली घेऊन उभी. त्याच बंगल्यात काम करणारी, खरीखुरी. शूटिंगवाले आठवडाभर पायांनी चिखल आणत होते आणि ती पुसत होती. मला म्हणाली, "आजी, तुम्ही पण आहात होय सिनेमात? मजा आहे." मग फडकं पिळत, अगदी हसतच म्हणाली, "ऐकलं आता माझ्यावर आलंय म्हणून. बाईसाहेबांनी कालपासून कपाटाला किल्ली लावायला सुरुवात केली."

मला त्या हुंगलेल्या दुधाचा वास आला. नाकात, खराखुरा.

"ॲक्शन!"

अधिकारी वाकला. "आजी, दार ढकललं कोणी?"

मी म्हटलं, "ज्याचं दार, त्याने."

"कट! आजी, 'त्यांच्या कामवालीने'."

"हो, हो. चुकलं."

पुन्हा विचारलं. "ज्याचं दार, त्याने."

सूनबाई, आकडा लिही. चौदा. लेकाच्या नवावर मी पाच चढवले. चौथ्या वेळेपर्यंत माझीच जीभ घाबरत होती, नंतर मजा येऊ लागली. टोपीवाला म्हणाला, "तुम्ही मुद्दाम करताय." म्हटलं, "वय झालंय रे, लक्षात राहत नाही." म्हणाला, "हे बरं राहतं!" म्हटलं, "हे खरं आहे ना, म्हणून."

बादलीवाली बाई फडकं तोंडाला लावून उभी होती. खांदे गदागदा हलत होते. हसत होती असं मला वाटलं. सून म्हणते हसत नव्हती.

धाकट्या भावाचं काम करणारा नट झाडाखाली बसला होता. त्याला अख्ख्या सिनेमात दोन वाक्यं. तो उठून आला आणि म्हणाला, "सर, मी व्हायला तयार आहे हो खुनी. आणि या बंगल्यातलं आपलं काम आज संपतंय." टोपीवाला त्याच्याकडे बघत राहिला, मग बंगल्याकडे, मग माझ्या काळ्या दातांकडे. म्हणाला, "पंधराव्यांदा घेऊ. आजी, तुम्हाला येतं तेच म्हणा."

मी म्हटलं. एका दमात!

रविवार, २१ सप्टेंबर

किती महिन्यांनी वही उघडली. सिनेमा लागला! अख्खी गल्ली गेली, बाराही गाळे बंद, प्रत्येकाला आपापलं कुलूप.

आमची गल्ली पडद्यावर आली तेव्हा लोक खुर्चीत आक्रसले. काळी, ओली, मलासुद्धा भीती वाटली, आणि मी तिथे राहते! माझ्या पुढचा माणूस बायकोला म्हणाला, "हाच, कुलूपवाला." त्याच्या मानेला बोट लावून म्हणावंसं वाटलं, थांब जरा. मग माझा चेहरा आला, एवढा मोठा, भिंतीएवढा. "ज्याचं दार, त्याने." एक शिट्टी वाजली. सगळं थिएटर गार झालं नाही, खरं तेच लिही, पण तो पुढचा माणूस बराच वेळ हलला नाही.

आता उगाच फुगवून सांगत नाही. टेकडीवरच्या पन्नास घरांतली बावीसच पुन्हा बोलावतात. बाकीच्यांचा गणवेशवाला येतो. बंगलेवाले म्हणे टोपीवाल्याशी बोलत नाहीत. बादलीवाल्या बाईच्या मालकिणीने कपाटाला किल्ली लावणं सोडलं की नाही, ते विचारायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिला काम होतं. शिकाऊ मात्र येतो अधूनमधून, नवीन सिनेमात डॉक्टर झालाय, पण किल्ली कापायला बसतो.

काल सेक्रेटरीणबाईंचा फोन आला! त्याच बाई. मागच्या दाराचा लॅच अडकला, गणवेशवाला सुट्टीवर. लेक गेला, तार घातली, उघडलं, हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरला, रस्त्याकडे तोंड केलं. घरी येऊन आम्हाला सांगत होता. बाई दारापुढे उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ दार ढकलेचनात. मग हात पुढे केला तर हात असा थरथरत होता, म्हणे, जसं काही दार दुसऱ्याचंच आहे.

मी म्हटलं, "तुझं तोंड तर रस्त्याकडे होतं ना रे? मग हात थरथरताना तुला दिसला कसा?"

चाळीस वर्षांचा धंदा, आणि माझा लेक कानापर्यंत लाल झाला.

हे शेवटचं नको लिहूस, सूनबाई. पेन थांबव. अगं, थांबव म्हणते ना.